पाटी भयंकर, माल गमतीचा

१९ सप्टेंबर १९८५. वॉशिंग्टन येथे अमेरिकन सिनेटच्या एका समितीपुढे गाण्यांतील आक्षेपार्ह शब्दांविषयी सुनावणी चालू होती. साक्षीसाठी जो गृहस्थ आत आला त्याचे कुरळे, पिवळे केस खांद्यांखाली रुळत होते, अंगात बाह्या कापलेले डेनिमचे जाकीट होते आणि भाषणाचा कागद घडी करून खिशात कोंबलेला होता. हा ‘ट्विस्टेड सिस्टर’ या हेवी मेटल बँडचा गायक डी स्नायडर. त्याचा बँड ओठ-गाल रंगवून आणि झगमगीत चिंध्या पांघरून रंगमंचावर उभा राहत असे. त्यामुळे हा मनुष्य म्हणजे तरुण पिढीला लागलेली कीड, अशी पुष्कळ पालकांची खात्री होती. साक्षीदाराने प्रथम आपली ओळख करून दिली. वय तीस, विवाहित, तीन वर्षांच्या मुलाचा बाप, श्रद्धाळू ख्रिस्ती. धूम्रपान नाही, मद्यपान नाही, अमली पदार्थ नाहीत. ज्या गाण्यात पालक-मंडळाला क्रौर्याचे विकृत चित्र दिसले होते, ते आपल्या गिटारवादकाच्या घशावरील शस्त्रक्रियेच्या भीतीतून लिहिले आहे, असेही त्याने सांगितले.

पाटी पाहून उधारी देऊ नये, वही पाहावी, हे पेढीवर बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. हेवी मेटलच्या बाबतीत मात्र जगाने अर्धशतकभर बहुधा पाटीच वाचली. कवट्या, सैतान, तलवारी, धूर आणि ठिणग्या हे सर्व पाटीवरचे. वहीत काय लिहिले आहे हे पाहण्यासाठी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरापासून आरंभ करावा लागतो.

टोनी आयोमी नावाचा तरुण तेथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या अखेरच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, तारा दाबण्यासाठी त्याला हाच हात लागे. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे घडवली, त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले आणि बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून पुढे तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या. त्यातून जो जड, घोगरा नाद निघाला, त्यावर या संगीताची सारी इमारत उभी आहे. चार कामगार-वस्तीतील मुलांच्या या बँडने भयपटाला लागलेली रांग पाहिली आणि घाबरण्यासाठी लोक पैसे मोजत असतील, तर ते काम संगीतानेच का करू नये, असा विचार केला, असे सांगतात. नावही एका भयपटाचेच घेतले, ‘ब्लॅक सॅबथ’. पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. तेरा तारीख आणि शुक्रवार, म्हणजे पाश्चात्त्य समजुतीप्रमाणे अगदी अशुभ दिवस. मुखपृष्ठावर मेपलडरहॅम गावची पाणचक्की आणि तिच्यापुढे काळ्या वस्त्रातील, फिकट चेहऱ्याची एक स्त्री. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असे ते चित्र. पण ज्या वास्तूने हे भय निर्माण केले ती होती पीठ दळण्याची जुनी गिरणी.

मुखपृष्ठांच्या या बाजारात सर्वांत यशस्वी ठरला तो ‘आयर्न मेडन’चा एडी. स्टीव्ह हॅरिसने १९७५ च्या नाताळात पूर्व लंडनमध्ये हा बँड स्थापन केला. सुरुवातीला एडी म्हणजे रंगमंचामागे टांगलेला केवळ एक मुखवटा होता. कार्यक्रमाच्या शेवटी छोट्या पंपाच्या साहाय्याने त्याच्या तोंडातून लाल पाणी उडे आणि ते खाली बसलेल्या बिचाऱ्या ड्रमवादकाच्या अंगावर पडे. पुढे डेरेक रिग्ज या चित्रकाराचे एक तयार चित्र बँडच्या हाती लागले. त्यातील सांगाडावजा प्राण्याला थोडे केस काढून द्या, एवढी दुरुस्ती सुचवली गेली आणि १९८० च्या पहिल्या अल्बमवर एडी अवतरला. तेव्हापासून तो कधी ममी झाला, कधी सैनिक, कधी भविष्यकाळातील यंत्रमानव. यातील व्यापारी शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. वादक बदलतात, त्यांचे केस पिकतात, गायक सोडून जातो आणि परत येतो. एडी मात्र मुळातच मेलेला असल्यामुळे म्हातारा होत नाही. अशी बोधचिन्हे फार थोड्या पेढ्यांना लाभतात. रिग्जची चित्रे भिंग घेऊन पाहावीत अशी असतात. १९८४ च्या ‘पॉवरस्लेव्ह’ अल्बमवर त्याने फेरोंचे भव्य मंदिर रंगवले आणि त्या गंभीर दगडी भिंतींवर कुठेतरी मिकी माउसही दडवून ठेवला.

नावांच्या लेखनातही हीच हौस. ‘मोटरहेड’ हे नाव रोमन लिपीत लिहिताना एका अक्षरावर जर्मन पद्धतीची दोन टिंबे देतात. उच्चारात त्याने काडीचाही फरक पडत नाही. नाव केवळ उग्र दिसते. दुकान भारदस्त वाटावे म्हणून पाटीवर उगाच अनुस्वार देण्यातला हा प्रकार. न्यूयॉर्कचा ‘किस’ हा बँड काटेकोर भाषेत हेवी मेटल नव्हे, पण कुळ तेच. १९७७ मध्ये या बँडची चित्रकथा निघाली तेव्हा चारही वादकांनी आपले थोडे थोडे रक्त छपाईच्या लाल शाईत मिसळले आणि त्याचा नोटरीकडून रीतसर दाखला घेतला. थिल्लरपणा खरा, कागदपत्रे मात्र चोख!

मोजमापाची कथा तर प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. १९८३ च्या दौऱ्यासाठी ब्लॅक सॅबथने इंग्लंडमधील स्टोनहेंज या प्राचीन शिलावर्तुळाचा देखावा करून घेतला. बँडच्या लोकांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, मापे फुटांत अभिप्रेत होती आणि कारागिरांनी ती मीटरमध्ये धरली. तिप्पट उंचीच्या शिला तयार झाल्या. अनेक सभागृहांत त्या मावेनात. पुढल्याच वर्षी रॉब रायनर यांचा ‘धिस इज स्पायनल टॅप’ हा विडंबनपट आला. त्यातील काल्पनिक बँडच्या बाबतीत उलटे घडते. कागदावर फुटांऐवजी इंचांची खूण होते आणि अठरा फुटांच्या जागी अठरा इंचांची शिला रंगमंचावर उतरते. गंमत अशी की या चित्रपटातील प्रसंग आपल्यावरच बेतले आहेत, असे खऱ्याखुऱ्या कितीतरी वादकांना वाटले. चित्रपट पाहून हे संगीत लाजेने मेले नाही. त्याच्या श्रोत्यांनीच तो चित्रपट डोक्यावर घेतला.

या संगीताचे आकर्षण येथेच आहे. प्रेक्षकाला कळते की रक्त रंगाचे आहे, ड्रॅगन कापडाचा आहे, धूर यंत्राचा आहे. वादकाला कळते की प्रेक्षकाला हे कळते. आणि तरीही दोघे त्या दोन तासांत पूर्ण गांभीर्याने वागतात. दोन बोटे शिंगांसारखी उभी करण्याची ती प्रसिद्ध खूण रॉनी जेम्स डिओ या गायकाने रूढ केली. पाहणाऱ्याला ती सैतानाची पूजा वाटते. डिओच्या सांगण्याप्रमाणे ती त्याने इटालियन वंशाच्या आजीकडून उचलली होती, आणि आजी ती करी दृष्ट लागू नये म्हणून. ज्यांच्या घरी मीठ-मोहरी ओवाळतात त्यांना ही आजी परकी वाटू नये. २००६ मध्ये अथेन्स येथील युरोव्हिजन गीतस्पर्धेत ‘लॉर्डी’ हा फिनलंडचा बँड राक्षसांचे रबरी मुखवटे घालून उतरला, तेव्हा युरोपभरच्या कुटुंबांनी घरबसल्या मते देऊन त्याला २९२ गुणांनी विजयी केले. १९६१ पासून भाग घेणाऱ्या त्या देशाचा तो पहिला विजय.

मात्र सोंग सुटले की गंमतही संपते, आणि हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बर्न याने २० जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतील डे मॉइन येथे प्रेक्षकांतून फेकलेले वटवाघूळ रबरी समजून दातांत धरले. ते खरे निघाले. त्याला रेबीजची इंजेक्शने घ्यावी लागली. ते जिवंत होते की मेलेले, यावर दोन मते आहेत. त्याच्या आदल्या वर्षी त्याने एका बैठकीत कबुतराशी जे केले त्यावर मात्र दोन मते नाहीत. या मासिकाच्या वाचकाला हे विनोदी वाटणार नाही, वाटूही नये. रबराची गंमत रबरापुरतीच. नॉर्वेत तर यापुढची पायरी गाठली गेली. तेथील काही तरुणांनी हेवी मेटलच्या काळ्या शाखेतील पाटी अक्षरशः खरी मानली. ६ जून १९९२ रोजी बर्गनजवळचे फान्टॉफ्ट येथील लाकडी प्रार्थनामंदिर, ज्याचे मूळ बाराव्या शतकातले, जाळले गेले आणि त्या जळक्या अवशेषांचे छायाचित्र १९९३ मध्ये एका अल्बमचे मुखपृष्ठ झाले. एडीशेजारी ते चित्र ठेवून पाहावे. एकात सगळे रंगवलेले आहे आणि माणूस हसतो. दुसऱ्यात काहीच रंगवलेले नाही.

त्याच उत्तर युरोपात वाकेन नावाचे जर्मन खेडे आहे, वस्ती सुमारे दोन हजार. १९९० मध्ये तेथे एक लहानसा मेटल-महोत्सव भरला. श्रोते शेकड्यांत मोजण्याइतके होते. आता दर उन्हाळ्यात पंचाहत्तर हजारांवर माणसे येतात. गावकरी अंगणात स्टॉल लावतात, शेतकरी चिखलात रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढतात, आणि गावच्या अग्निशमन दलाचा बँड कवट्यांचे शर्ट घातलेल्या समुदायापुढे वाजवतो. एवढी उलाढाल पाहून कोणत्याही गावच्या व्यापाऱ्याला हेवा वाटावा.

मुंबईनेही ही जत्रा पाहिली आहे. १ फेब्रुवारी २००८ रोजी आयर्न मेडनने आपल्या जगदौऱ्याचा आरंभ वांद्रे-कुर्ला संकुलातून केला. बँड, कर्मचारी आणि सामान एकाच बोइंग ७५७ विमानातून आले आणि त्या विमानाच्या वैमानिक-कक्षात होता बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन. मनगटावर पट्टे बांधून किंचाळणारा हा माणूस एका विमान कंपनीत रीतसर नोकरी करणारा वैमानिक होता. त्या काळात मुलाच्या खोलीतील एडीचे भित्तिचित्र पाहून काळजीत पडलेल्या आईवडिलांना ही माहिती कोणी दिली असती, तर घरोघरचे काही वाद तरी टळले असते.

ऑझीचे अखेरचे गायन ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर झाले. कंपवाताने त्याला उभे राहवत नव्हते, म्हणून त्याच्यासाठी काळे, भयंकर सिंहासन मांडले होते. आयोमी शेजारी वाजवत होता, बोटांवर टोपणे चढवून. कार्यक्रमाचे उत्पन्न कंपवातावरील संशोधनासाठी, शहरातील बालरुग्णालयासाठी आणि असाध्य आजाराने ग्रासलेल्या मुलांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेसाठी ठेवले होते. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.