पत्त्यांवरची उपजीविका

पोकरवर पोट भरता येते, हे 2024 साली लास वेगासच्या जागतिक पोकर मालिकेतील एकाच स्पर्धेत 54 लाख डॉलरांहून अधिक रक्कम जिंकणाऱ्या संतोष सुवर्णा या भारतीय खेळाडूने दाखवून दिले असले, तरी पोट भरणे आणि आयुष्य भरणे या भिन्न गोष्टी आहेत. ‘रेक’, म्हणजे डावाडावातून टेबल चालवणारा कापून घेतो ती नाल, वजा जाता एकाची कमाई ही दुसऱ्याची तूट असते. शिवाय अचूक खेळूनही महिनोन्‌महिने हार पदरी पडू शकते, आणि या चढउताराला कोणतेही कौशल्य पुरते आवरू शकत नाही. जोखीम वसईच्या केळीबागायतदाराला आणि अर्नाळ्याच्या कोळ्यालाही चुकलेली नाही. पण त्यांच्या श्रमातून कुणाच्या तरी ताटात काही पडते, आणि व्यावसायिक पोकरपटूला सलणारी पोकळी बहुधा नेमकी हीच असावी. त्यातच 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, कौशल्य की नशीब हा (वकिलांचा आवडता) भेद बाजूला सारून, पैसे लावून खेळण्याच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कॅसिनोंना परवाने देऊ शकणारा महाराष्ट्राचा 1976 चा कायदा तर अंमलात न येताच 2023 मध्ये रद्द झाला. त्यामुळे विरारच्या तरुणापुढे गोव्याच्या मांडवी नदीतील तरंगत्या कॅसिनोंसारखी मोजकी ठिकाणे उरतात. नोकरी सोडून तिकडे वळू पाहणाऱ्यांनी आधी वर्षभराचा हिशेब, हरलेल्या रात्रींसह, घरच्यांसमोर मांडावा.