हाताने शिकलेली विद्या

विद्या म्हटली, की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो 'कोणती परीक्षा दिलीस?' हा. वडोदऱ्याच्या मराठी कुटुंबांत ही वृत्ती रुजावी यात नवल नाही. गायकवाडांच्या राज्यात जी घराणी येथे येऊन स्थिरावली, त्यांतील पुष्कळांचा चरितार्थ लेखणीवर, हिशेबावर आणि अध्यापनावर चालला. घरात दुसरे काही नसले तरी चालेल, पण मुलाच्या हाती पदवीचा कागद असावा, ही शिकवण पिढ्यान् पिढ्या मुरत गेली. आणि तिने अनेकांना तारले, हेही खरेच.

अशा वेळी पाणीगेटच्या एखाद्या घरात वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संगणकासमोर बसू लागतो, कोणत्याही वर्गाला न जाता सॉफ्टवेअर लिहायला शिकतो आणि एके दिवशी 'मी हेच काम करणार' असे सांगतो, तेव्हा आईवडिलांच्या मनात कालवाकालव झाल्यास त्यांना दोष देता येणार नाही. हा पोटापाण्याचा उद्योग म्हणायचा, की नुसता नाद? शेजारपाजारच्यांनी विचारले तर मुलगा काय शिकला म्हणून सांगायचे? हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही; म्हणून या महिन्यात त्याचाच थोडा विचार करू.

प्रथम हा मुलगा करतो तरी काय, ते पाहू. संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना म्हणजे आज्ञावली, व्यवहारातला प्रोग्राम. घरातल्या नव्या सुनेला 'अंदाजाने मीठ घाल' म्हटले तर ती समजून घेते. संगणकाला अंदाज ठाऊक नसतो. त्याला प्रत्येक पायरी नेमकी सांगावी लागते, आणि एक पायरी चुकली की सगळा स्वयंपाक बिघडतो. यातील गोडी एका मराठी शिक्षकाच्या शोधावरून चांगली ध्यानात येईल. देवळालीच्या शाळेत गणित शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांना अंकांचा विलक्षण छंद होता. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. त्यांनी दाखविले, की चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी आणि हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. शेवटी ६१७४ ही संख्या आल्यावाचून राहत नाही. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही.

कागदावर दहा-वीस संख्या तपासून आपण थकतो. प्रोग्राम लिहू लागलेला मुलगा मात्र पंधरा-वीस ओळींत ही क्रिया संगणकाला समजावतो आणि ०००० ते ९९९९ मधील, सारख्या अंकांच्या दहा संख्या सोडून, सर्व ९,९९० संख्या क्षणभरात तपासून घेतो. सात पायऱ्यांच्या आत सगळ्या ६१७४ पाशी येतात, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. हा खेळच आहे. परंतु या खेळात तर्क, चिकाटी आणि स्वतःची चूक स्वतः शोधण्याची सवय, या तिन्ही गोष्टी आपोआप अंगी बाणतात. कापरेकरांच्या छंदाची हेटाळणी करणारेही त्या काळी होतेच. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने आपल्या लोकप्रिय सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि हे नाव जगभर गेले.

छंद असा निर्मळ असतो. पण त्यावर संसार चालत नाही, हे आईवडिलांचे म्हणणे राहतेच. छंदाचा उद्योग कसा होतो, याचे उत्तम उदाहरण पुण्यात सापडते.

कैलास काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातील बेताच्या परिस्थितीच्या कुटुंबातले. शिक्षण दहावीपर्यंत. १९८० नंतरच्या दशकात ते पुण्यात रेडिओ व कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात कामाला लागले. यंत्र उघडायचे, बिघाड कोठे आहे ते शोधायचे, आणि ग्राहकाला चालू करून द्यायचे, हीच त्यांची शाळा. पुढे त्यांनी दुरुस्तीचे स्वतःचे छोटे दुकान थाटले. कचेऱ्यांतून संगणक येऊ लागले तेव्हा, आज ना उद्या कॅल्क्युलेटरची सद्दी संपणार हे ओळखून, त्यांनी पुस्तके आणून संगणक समजून घेतला आणि त्याची दुरुस्ती सुरू केली. येथपर्यंतची गोष्ट एका हुशार कारागिराची आहे. पुढचे वळण महत्त्वाचे आहे.

दुरुस्तीला येणारे अनेक संगणक मोडलेले नसत, तर 'आजारी' असत. संगणकाचा विषाणू म्हणजेही एक आज्ञावलीच. मात्र ती दुसऱ्याच्या यंत्रात गुपचूप शिरून आपल्या नकला करीत राहते. १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी, आपल्या सॉफ्टवेअरच्या चोरट्या नकला होऊ नयेत म्हणून, 'ब्रेन' नावाची अशी आज्ञावली लिहिली. तिच्यात त्यांनी चक्क आपली नावे, पत्ता आणि टेलिफोन क्रमांकही घातला होता! फ्लॉपीच्या ज्या आरंभीच्या भागातून संगणक काम सुरू करतो तेथे ती ठाण मांडी आणि एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर जात जात थेट अमेरिकेपर्यंत पोहोचली. पुढे अशा विषाणूंचा सुळसुळाट झाला.

लाहोरच्या दोघा भावांनी रोग निर्माण केला, तर पुण्याच्या दोघा भावांनी औषधाचा कारखाना काढला, असे गमतीने म्हणता येईल. कैलासरावांचे धाकटे बंधू संजय पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. थोरल्या भावाच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या संगणकांवर त्यांना विषाणूंचा अभ्यास करता आला. प्रत्येक विषाणूची एक ओळखीची खूण असते. ती फाइलींमध्ये शोधायची, सापडली की विषाणूचा भाग काढून मूळ फाइल पूर्ववत करायची, असे हे काम. त्यातून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' हे विषाणूनाशक सॉफ्टवेअर बाजारात आले. 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या त्यांच्या कंपनीचे नाव २००७ मध्ये 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झाले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात दाखल झाले.

ही हकिकत सांगताना लोक 'दहावी शिकलेला माणूस कोठल्या कोठे गेला' एवढेच सांगतात आणि तेथेच थांबतात. मला त्यात निराळे काही दिसते. पहिली गोष्ट अशी, की कैलासरावांची विद्या एकांतात वाढली नाही. समोर ग्राहक होता, त्याचे काम अडलेले होते. दुसऱ्याची निकड आपल्या शिरावर घेतली, तेव्हा त्या कौशल्याचा उद्योग झाला. दुसरी गोष्ट अशी, की ज्याने स्वतः शाळा सोडली त्यानेच धाकट्या भावाला संगणकशास्त्र शिकण्यास लावले. हाताने शिकलेल्याला शास्त्राचे मोल कळले होते. थोरल्याचा अनुभव आणि धाकट्याचा अभ्यास एकत्र आले नसते, तर दुकान दुकानच राहिले असते.

पुणे झाले; आता आपल्या गावाकडे वळू. १८९० साली सयाजीराव महाराजांनी येथे कलाभवन स्थापन केले आणि त्याची सूत्रे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे दिली. त्या कलाभवनात त्र्यंबकेश्वरचा एक मराठी तरुण चित्रकला शिकला, कॅमेरा घेऊन छायाचित्रणाचे प्रयोग करू लागला. त्याची धडपड पाहून गज्जरांनी त्याला ब्लॉक तयार करण्याची कला शिकण्यासाठी रतलामला पाठविले आणि संस्थेचा छायाचित्रणाचा स्टुडिओ व प्रयोगशाळा वापरण्याची मुभा दिली. हा तरुण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. छपाई, छायाचित्रण, जादूचे खेळ, असे एकामागून एक छंद त्यांनी केले. त्या काळच्या नातलगांना यात स्थैर्य कसले दिसणार? पण ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला, तेव्हा यातला एकही छंद वाया गेला नव्हता, हे सिद्ध झाले. चित्रपट काढणे त्यांना शिकविणारी शाळा या देशात तेव्हा नव्हतीच.

फाळक्यांच्या गोष्टीतील एक व्यक्ती मात्र आपण नेहमी विसरतो. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने देऊन पतीला साहाय्य केले, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु कोऱ्या फिल्मच्या कडेला अंधारात छिद्रे पाडणे, फिल्म धुणे, ही त्या काळातील अगदी नवी तांत्रिक कामेही त्या शिकल्या. तीही स्वयंपाकघर सांभाळून. स्वयंशिक्षित तंत्रज्ञ हा शब्द त्यांनाही तितकाच शोभतो. म्हणून विचारावेसे वाटते, की घरात संगणक आला तर तो मुलाच्याच खोलीत का जातो? रात्री जागून काही शिकणाऱ्या मुलाला आपण 'नादिष्ट' म्हणतो खरे, पण निदान जागू देतो. मुलीला तेवढीही सवलत क्वचितच मिळते.

याचा अर्थ पदवी टाकून द्यावी असा कोणी घेऊ नये. एका काटकरांची गोष्ट छापली जाते. त्याच वाटेवर मधेच थांबलेल्यांची कोणी छापत नाही. नोकरी देणाऱ्या पुष्कळ ठिकाणी आजही प्रथम पदवीच पाहिली जाते, आणि ज्याच्या घरावर कर्जाचा बोजा आहे त्याने हाती असलेली पदवी पूर्ण करणेच श्रेयस्कर. प्रकृतीचेही पाहावे, फाळक्यांच्या डोळ्यांवर अतिश्रमाने असा ताण आला होता, की काही काळ त्यांना दिसेनासे झाले होते.

मग आईवडिलांनी पारख कशी करावी? त्यासाठी संगणक कळावा लागत नाही. मुलाने वा मुलीने आरंभिलेले एखादे काम शेवटास नेले आहे का? ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडले आहे का? मग ते पाणीगेटच्या रस्त्यावरील एखाद्या दुकानाचा उधारीचा हिशेब असो, वा मंडळाच्या वर्गणीदारांची यादी. वापरणाऱ्याने चूक दाखविली तर ती राग न धरता दुरुस्त होते का? आणि आपण काय केले, हे आजीला समजेल अशा मराठीत सांगता येते का? या चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर तो नाद नव्हे, ती उमेदवारी आहे असे समजावे. उत्तरे नकारार्थी असतील, तर रागावू नये. एखादे खरे काम नेमून द्यावे व वर्षभराची मुदत ठरवावी.

वडोदऱ्यास हे नवे नाही. १९०६ मध्ये सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे केले. १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगाव वाचनालये उघडण्याची योजना हाती घेतली. शाळेची सक्ती करणाऱ्या राजाने शाळेबाहेर शिकणाऱ्याचीही सोय केली, कारण एकीवाचून दुसरी अपुरी आहे हे त्याने जाणले होते. पाणीगेटहून मांडवीकडे चालत गेले, की ती सेंट्रल लायब्ररी काही पावलांवरच आहे. स्वतः शिकणारा माणूस कधी एकटा शिकत नाही. त्याच्यामागे कोणी गज्जर असतात, कोणी थोरला भाऊ, कोणी सरस्वतीबाई. आपल्या घरात शिकणाऱ्याच्या मागे कोण उभे आहे, एवढे प्रत्येकाने पाहिले तरी पुष्कळ आहे.