पासवर्ड काढू नका

घरातल्या दोन-तीन संगणकांत एक फोल्डर सामायिक ठेवणे ही चांगली सवय आहे. सहलीचे फोटो किंवा मुलांचे प्रकल्प पेनड्राइव्हशिवाय इकडून तिकडे जातात, इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही आणि फाइल घराबाहेरच्या कोणाच्या सर्व्हरवरही जात नाही. आक्षेप आहे तो हे फोल्डर उघडण्याच्या रूढ झालेल्या पद्धतीला.

जोडणी होईना की दुरुस्तीवाला किंवा घरातला जाणकार मुलगा तीन गोष्टी करतो: पासवर्डची अट काढतो, 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देतो आणि राउटरला लावलेली जुनी डिस्क दिसावी म्हणून 'एसएमबी १' हा नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याचा जुना प्रोटोकॉल चालू करतो. काम दोन मिनिटांत होते. पण याच एसएमबी १ मधल्या त्रुटीतून १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. एक संगणक बाधित झाला की तो शेजारच्या संगणकात आपोआप शिरत होता. कोणी काही क्लिक करण्याचीही गरज नव्हती. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती, ती अनेकांनी घेतलेली नव्हती. त्याच वर्षअखेरीपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ चा सर्व्हर भाग मुळात येतच नाही. विंडोज ११ प्रोच्या २०२४ च्या आवृत्तीने पासवर्डविना पाहुणा म्हणून मिळणारा प्रवेशही बंद केला. लोक याला कटकट म्हणतात. आमच्या मते हा निर्णय योग्यच आहे, कारण कॉलेजात किंवा ऑफिसात फिरून आलेला एक लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला जातोच, आणि त्यात खंडणीखोर व्हायरस असेल तर त्या लॅपटॉपला जिथे जिथे लिहिण्याची मुभा आहे तिथल्या सगळ्या फाइली तो कुलूपबंद करतो. आजोबांचे स्कॅन केलेले फोटोसुद्धा.

योग्य मार्गाला पंधरा मिनिटे पुरतात. फोल्डर ज्या संगणकावर आहे तिथे पासवर्डसह वेगळे खाते काढावे, संपूर्ण ड्राइव्ह न देता एकच फोल्डर द्यावे, आणि ज्यांना फक्त पाहायचे आहे त्यांना 'रीड' एवढीच परवानगी ठेवावी. जुनी डिस्क एसएमबी १ शिवाय बोलतच नसेल, तर तिच्यातला मजकूर काढून घेऊन तिला नेटवर्कवरून उतरवावे. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत एरवी कुठेही न जोडलेल्या डिस्कवर हवीच.

'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मधल्या 'शेअर्ड फोल्डर्स'खाली तुमच्या संगणकाने काय काय खुले ठेवले आहे त्याची यादी दिसते. ती आजच उघडा, आणि 'एव्हरीवन'ला दिलेली परवानगी काढून टाका.