खटला मिटला, कागद मिटवू नका

फौजदारी खटला निकालाआधीच संपला तर त्याची कागदपत्रे लोकांच्या हाती कायम राहू देऊ नयेत, असे बरेच सज्जन म्हणतात. आरोपपत्र म्हणजे सरकारची एकतर्फी बाजू. दोष सिद्ध न झालेल्या माणसाला तो डाग जन्मभर का लावायचा? आक्षेप रास्त आहे, पण त्यावरचा उपाय उलटा आहे. संगणक-प्रोग्रामर आरन स्वार्ट्झवरचा अमेरिकी संघीय खटलाच पाहा. एमआयटीच्या नेटवर्कवरून जेस्टोर या डिजिटल संग्रहातले लाखो शोधनिबंध उतरवून घेतल्याबद्दल जुलै 2011 मध्ये तो आरोपी झाला. सप्टेंबर 2012 मध्ये चार आरोपांचे तेरा झाले. सरकारी वकिलांच्या पत्रकात 35 वर्षांपर्यंतच्या कैदेचा उल्लेख होता आणि गाजला तो तेवढाच. 11 जानेवारी 2013 रोजी त्याने आत्महत्या केली, तीन दिवसांनी सरकारने खटला काढून घेतला. ज्युरी बसलीच नाही. त्यामुळे बचाव सापडतो तो फक्त दाखल अर्जांत. लॅपटॉप ताब्यात घेतल्यावर झडतीचे वॉरंट काढायला महिन्याहून अधिक काळ लावला, सबब तो पुरावा वगळावा, ही मागणी तिथे आहे. ती टिकली असती का, हा वेगळा प्रश्न. पण हे अर्ज नाहीसे केले तर आरोप पुसला जात नाही, त्याचे उत्तर तेवढे पुसले जाते. पत्रक वर्तमानपत्रांत छापून गेलेलेच असते.

साक्षीदार, कर्मचारी यांच्या खासगीपणाचे काय? त्याची सोय न्यायालयाला करता येते. याच खटल्यात सरकारने बचावपक्षाला दिलेली कागदपत्रे खुली करण्याचा प्रश्न 2013 मध्ये आला, तेव्हा न्यायाधीश गॉर्टन यांनी नावे झाकून ती खुली करू दिली. राहिला शेवटचा बचाव: पेसर या न्यायालयीन कागदपत्रांच्या सरकारी ऑनलाइन व्यवस्थेवर सगळे मिळतेच की! मिळते, पानाला दहा सेंट मोजून. एका दस्तऐवजाला सहसा तीन डॉलरची मर्यादा आहे आणि तिमाहीत तीस डॉलरपर्यंतचे बिल माफ होते, हे खरे. म्हणजे एखादा अर्ज चाळणाऱ्याला झळ नाही. पण सरकारी वकील कोणाला किती कलमे लावतात हे शेकडो खटल्यांतून ताडून पाहू म्हणणाऱ्याचा खिसा रिकामा होतो, आणि सरकारला अडचणीचा वाचक नेमका तोच. शिवाय हा पैसा निव्वळ कागद पुरवण्यापुरता घेतला जात होता असेही नाही. जादा शुल्काच्या दाव्यात सरकारने साडेबारा कोटी डॉलरची तडजोड केली आणि 2024 मध्ये न्यायालयाने ती मंजूर केली. दर मात्र पानाला दहा सेंटच राहिला.