खेळ आणि झोंप

एकत्र कुटुंबांत रात्रीं एका खोलींत नातू संगणकावर खेळतो आणि शेजारच्या खोलींत आजोबा निजलेले असतात. अशा घरीं यंत्राची घरघर हा साऱ्यांचाच प्रश्न होय. तथापि बेताच्या खर्चांत संगणक जुळवितांना लोक ग्राफिक्स कार्डावर सढळ हातानें खर्चतात, आणि वीज पुरविणाऱ्या पेटीच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, वेळीं हात आखडतात. हें आम्हांस उचित वाटत नाहीं.

आवाज पंख्याचा, पंखा फिरतो उष्णतेमुळें, आणि उष्णता ही वायां गेलेली वीज. ३०० वॉट पुरवितांना शेंकडा ८५ कार्यक्षमतेची पेटी सुमारें ५३ वॉट उष्णतेंत दवडते, शेंकडा ९० ची सुमारें ३३. ‘८० प्लस गोल्ड’ हा शिक्का म्हणूनच पाहावा. मात्र तो कार्यक्षमतेची साक्ष देतो, शांततेची नव्हे.

यास्तव ३०० वॉट लागत असतील, तर ५५० वॉटांची, मोठ्या व सावकाश फिरणाऱ्या पंख्याची पेटी घ्यावी. कांहीं पेट्यांत भार थोडा असतां पंखा थांबूनच राहतो. निनांवी स्वस्त पेटी बिघडल्यास मात्र साऱ्या यंत्रासच धोका. कार्ड एक पायरी खालचें चालेल. पेटी चांगलीच असावी.