हार घालून झाला, आता ताळेबंद उघडा

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांचे नाव दाखल झाले. तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. हार, भाषण, फोटो सगळे होते. पण याच बाबासाहेबांनी १९१८ साली शेतीच्या लहान तुकड्यांवर लेख लिहिला. शेतीवरचा जादा माणसांचा भार उद्योगांकडे वळवल्याशिवाय प्रश्न सुटणार नाही, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. आपल्यातल्या किती पदवीधरांनी तो लेख वाचला आहे?

आमची पोरे कुपवाड, मिरज, शिरवळच्या कारखान्यांत जातात ती बहुतेक ठेकेदारामार्फत. एका अभ्यासिकेत मी विचारले, "तुमचा दादा जिथे राबतो त्या कंपनीचा मालक कोण? गेल्या वर्षी नफा किती?" एकालाही सांगता आले नाही. दोष पोरांचा नाही. आपण त्यांना साहित्य आणि इतिहास वाचायला शिकवले, ताळेबंद वाचायला शिकवलेच नाही.

सुरुवात एकाच कंपनीपासून करा. किर्लोस्करवाडी १९१० साली उभी राहिली. किर्लोस्कर ब्रदर्स शेअर बाजारात नोंदलेली आहे, त्यामुळे तिचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो. त्यात संचालक कोण, कर्ज किती, पगारावर खर्च किती हे बघा. बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून कायम आणि कायम नसलेले कामगार किती, हेही द्यावे लागते. त्या तक्त्यात स्त्रियांचा रकाना आहे, दिव्यांगांचा आहे. जातीचा नाही. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर खासगी क्षेत्रातल्या आरक्षणावर बोलाल तेव्हा शब्दाला वजन येईल.

नोंद नसलेल्या कंपनीचे संचालक कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडतात. साखर कारखान्याचा अहवाल सभासदाच्या घरी येतो, तो मागून घ्या. जिल्ह्याचे आकडे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'मध्ये आहेत. जे मिळत नाही त्यासाठी २००५ चा माहिती अधिकार आहे. २०१२ च्या धोरणानुसार केंद्राच्या खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करायची आहे. आपल्या जिल्ह्यातून ती किती झाली? अर्ज टाका. मागासवर्गीय औद्योगिक सहकारी संस्थांना शासनाचे भांडवल मिळते. तुमच्या तालुक्यातल्या संस्थेचे शेड चालू आहे का? तिथे जाऊन बघा.

कागदावर सगळे सापडत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पोते उचलणाऱ्या हमालाला, हळद निवडणाऱ्या बाईला त्यातून काय मिळाले, हे त्यांच्याशेजारी बसूनच कळेल. आणि हे काम आपली पोरे इतर कोणाहीपेक्षा चांगले करतील, कारण ती माणसे आपल्याच घरातली आहेत.

कोणी म्हणेल, आम्हाला नोकरी हवी, संशोधन कशाला? नोकरी मागायलाच जायचे आहे ना? मग समोरच्याच्या तिजोरीत काय आहे हे माहीत असू द्या. वाटाघाटीत हिशेब ठाऊक असलेल्याचेच ऐकले जाते.

येत्या ७ नोव्हेंबरला प्रत्येक अभ्यासिकेने एका कारखान्याचा चार पानी अहवाल वाचून दाखवावा. हार त्यानंतर घालू.

जय भीम!