रात्री दोनची रेड आणि ‘व्यसना’चा शिक्का

मुलगा रात्री दोनपर्यंत क्लॅश ऑफ क्लॅन्स खेळतो, म्हणजे ‘व्यसनच लागलंय, डॉक्टर’, असं उस्मानपुऱ्यातले पालक येऊन सांगतात. एवढ्या घाईने शिक्का मारू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 नुसार खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही खेळत राहणं, हे साधारण 12 महिने दिसावं लागतं.

पुष्कळदा खरी तक्रार साधी असते: झोप. 13 ते 18 वयाला रोज 8 ते 10 तास लागते. आणि ती मोडतो क्लॅनचा लीडर! रेड वीकेंड शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होतो, सोमवारी दुपारी साडेबाराला संपतो. एवढ्या वेळात एकेकाला हल्ले फार तर 6. मग मध्यरात्री ‘सगळे ऑनलाइन या’ हा हुकूम कशासाठी?

लीडरसाहेब, हल्ले संध्याकाळी ठेवा. ज्याची परीक्षा आहे त्याला सुट्टी द्या, क्लॅनमधून काढू नका.

पालकांनो, भर हल्ल्यात मोबाइल हिसकावू नका. चारचौघांत मुलाचा शब्द खाली पडतो. दहा वाजता सगळे मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचेही. महिनाभर नीट झोपूनही शाळा, जेवण, मित्र सुटलेलेच राहिले, तर मात्र त्याला घेऊन या.